दोनशे केबीत बसवलेलं रान

थोरलीला सगळं गाव बारीक वहिनी म्हणायचं, आणि ती अंगानं चांगली भरभक्कम होती. दारातून आत येताना आधी खांदा यायचा, मग बाकीची थोरली. पण नाव पडलं होतं ते हाताच्या गुणावरून. फोनवरच्या फायली बारीक करण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. कुठल्याही ऑफिसला काही पाठवायचं म्हटलं की ऑफिस आधी नाक मुरडणार. फोटो पन्नास केबीच्या आत हवा, सही वीस केबीच्या आत, कागद दोनशे केबीच्या आत. आणि फोन फोटो काढतो चार-पाच एमबीचा. म्हणजे बैल खिडकीतून गोठ्यात घालायचा प्रकार. तो बैल थोरली बसल्या जागी आत घालायची.

लोक पिशवीत कागद घेऊन यायचे आणि ओट्यावर वाट बघत बसायचे. "वहिनी, माझा तेवढा बारीक करून द्या." ती कागद उन्हात धरायला लावायची, फोटो काढायची, कडा कापायची, रंग काढून टाकायची, दाबायची, पुन्हा दाबायची. एका म्हाताऱ्याचा फोटो तिनं इतका दाबला की त्याची बायकोसुद्धा विचारात पडली. पण ऑफिसनं घेतला. "ऑफिसनं ओळखलं ना? मग बायकोचं काय घेऊन बसलात?" थोरली म्हणाली आणि ओटा हसला. असं गावानं तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि तिलाही वरची हवा मानवली होती. पाठवलेलं परत आलं नाही म्हणजे काम झालं, हा तिचा हिशेब. पाठवल्यावर त्या कागदात काय उरलं, हे बघायला तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी धरण निम्मंही भरलं नाही. कालव्याच्या ऑफिसनं कळवलं की आता तोंडी काही चालणार नाही. ज्याला पाणी पाहिजे त्यानं रानाचा नकाशा पाठवायचा. नकाशात ज्या रानापर्यंत पाट असेल त्या रानाला पाण्याची पाळी मिळेल.

थोरलीचा नवरा आणि धाकटा दीर यांचं रान सासऱ्यानं वाटून दिलेलं, पण नकाशा एकच होता. कालव्याला लागून थोरल्याचं रान, त्याच्या मागे धाकट्याचं. धाकट्याला पाणी जायचं ते थोरल्याच्या बांधाकडेनं काढलेल्या पाटातून. सासऱ्यानं तो पाट स्वतः खणला होता. नकाशा त्याच्या आधीचा. म्हणून त्या वेळच्या साहेबानं शाईच्या रेघांमध्ये पाटाची रेघ शिसपेन्सिलनं ओढून शेजारी शिक्का मारून दिला होता. थोरला त्या पाटावर कायम करवादायचा. पाट पाझरतो, दोन सऱ्यांची जागा खातो, "माझ्या रानात याचं गटार." पण बापानं खणलेलं, म्हणून बोलण्यापलीकडे जात नव्हता.

अर्जाचा शेवटचा दिवस आला तेव्हा थोरली गावाचे नकाशे पाठवून पाठवून थकली होती आणि घरचा राहिला होता. घरच्या कामाचं असंच होतं. दुपारी ती पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर गेली, कारण तिच्या फोनला रेंज तिथेच यायची. धाकटी जाऊ कांद्याच्या खुरपणीतून उठून आली. तिच्या हाताला माती होती, म्हणून नकाशाला हात न लावता तिनं चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. ऊन असं होतं की दगड ठेवतानाही बोटं झटकावी लागत होती.

पहिला फोटो गेला नाही. थोरलीनं दाबला, तरी गेला नाही. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पडद्यावर तेच लाल अक्षर : फाईल मोठी आहे. तिनं कडा कापल्या. पुन्हा लाल. मागे दोन माणसं आपापले कागद घेऊन उभी होती.

"वहिनी, घरचंच जाईना का आज?" त्यातला एक म्हणाला.

हसण्यासारखंच बोलला तो, पण थोरलीला ते मिरचीसारखं झोंबलं. तिनं रंग काढून टाकला. निव्वळ काळं-पांढरं केलं आणि सगळ्यात लहान आकारावर बोट ठेवलं. फाईल निम्म्यानं उतरली, आणखी उतरली, आणि हिरवी खूण आली. स्वीकारलं.

"गेलं," ती म्हणाली. मागच्या माणसांनाही ऐकू जाईल असं म्हणाली.

मग तिनं पाठवलेलं उघडलं. बांध होते, गटांचे नंबर होते, शिक्कासुद्धा अर्धा होता. पाट नव्हता. पेन्सिलची रेघ फिकी, काळ्या-पांढऱ्यात ती पांढऱ्यात गेली होती. तिथे कागद धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. थोरलीला ते पहिल्या नजरेत दिसलं. यात दुसरं काही म्हणायला जागा नाही.

धाकटी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "जाऊबाई, आमचा पाट कुठे आहे यात?"

अर्ज मागे घेऊन पुन्हा भरता आला असता. पुन्हा ते लाल अक्षर, पुन्हा मागच्या माणसांचं हसू. थोरलीनं फोन मिटला.

"आहे. फायलीत आहे. ऑफिसात मोठं करून बघितलं की दिसतो."

"असं होय," धाकटी म्हणाली. तिला खरंच वाटलं. तिनं नकाशावरचे दगड उचलले, कोपरानं माती झटकली, हात पदराला पुसले आणि घडी घालून जावेच्या हातात दिली.

घरी दीर अंगणात हात धूत होता. "झालं का वहिनी? तुम्ही आहात म्हणून बरं आहे. नाहीतर आम्ही दोघं नवरा-बायको त्या ऑफिसच्या दारात रांगेत मेलो असतो."

"त्यात काय एवढं," थोरली म्हणाली आणि आत गेली. तिला वाटलं, ऑफिसवाल्यांना काय ठाऊक नाही? इतकी वर्षं पाणी जातंय. पाणी सोडणारा पाटकरी रोज तिथून जातो. असं तिनं स्वतःला समजावलं आणि पुढचे काही दिवस समजावत राहिली. सकाळी अंगणातल्या नळावर धाकटी घागर लावायची तेव्हा थोरलीला काहीतरी आत विसरल्यासारखं व्हायचं आणि ती परत फिरायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

कांदा गाठ धरत होता. धाकटीनं रोप स्वतः लावलेलं, वाफा न् वाफा हातानं बांधलेला. जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या आणि पातीचे शेंडे पिवळे झाले होते. ती संध्याकाळी वाफ्यातून फिरून यायची आणि म्हणायची, "पाळी आली की उठेल बघा. एक पाणी मिळालं तरी गाठ फुगेल."

पाळीची यादी घेऊन पाटकरी सायकलवरून आला. किडकिडीत माणूस, खांद्याला कालव्याच्या दाराची लांब चावी. त्यानं सायकल ओट्याला टेकवली आणि फोनमध्ये बघून थोरल्याला म्हणाला, "मालक, तुमची पाळी येत्या सोमवारी. सूर्य उगवला की दार उघडतो, दुपारी बंद."

"आणि माझी?" धाकट्यानं विचारलं.

पाटकऱ्यानं यादी वर-खाली केली. "तुमचं रान कोरडवाहूत टाकलंय."

"कोरडवाहू? अरे, तू स्वतः पाणी सोडतोस माझ्या रानात!"

"मी सोडतो, पण आता नकाशा सोडत नाही. नकाशात पाट नाही म्हणतात. मालक, माझं काम चावी फिरवायचं. कुणासाठी फिरवायची ते वरून येतं."

धाकटा हसला. त्याला ते हसण्यावारीच नेण्यासारखं वाटलं. "वहिनी, ऐकलंत? यांच्या नकाशातून पाट पळाला."

थोरली दारात उभी होती. तिचे कान तापले. "काहीतरी गडबड झाली असेल त्यांची," ती म्हणाली. म्हणाली आणि लगेच तिला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

थोरला मात्र गप्प होता, आणि त्याचं गप्प बसणं तिला ओळखू येत होतं. जेवताना तो म्हणाला, "ऑफिसनंच पाट काढला म्हणजे आपण वाईट नाही झालो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दोन सऱ्या वाढतील. मी कुठे काही केलं? आपोआप झालं."

"आपोआप कसं होईल? सासऱ्यांनी खणलेला पाट तो."

"मग बापानं शाईनं काढून घ्यायचा होता." थोरला हात धुवायला उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं पाटाच्या तोंडाशी दहा-बारा पाट्या माती ओतली आणि पायानं दाबली. बांध नीट करतोय, असं कोणी न विचारताच तो दोघांना सांगून आला.

थोरलीला जेवण जाईना. नवऱ्याला लोभी म्हणावं, तर लोभाला जागा तिनंच करून दिली होती. तिनं फक्त पाठवलं होतं आणि त्याचा आता बांध झाला होता.

धाकट्यानं ऑफिसला जायचं ठरवलं. "वहिनी, तुम्ही चला. त्यांच्याशी फायलीचं बोलायचं तर तुम्हीच पाहिजे." नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? धाकटीही निघाली. तिनं धुतलेले कपडे घातले होते, आणि नकाशा छातीशी धरला होता. वाटेत ती थोरलीला म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून धीर आहे हो." थोरली रस्त्याकडे बघत चालत राहिली.

ऑफिसातल्या बाईसमोर तीन माणसं बसतील एवढा बाक होता आणि त्यावर सहा बसली होती. पंखा फिरत होता, वारा कुणालाच लागत नव्हता. बाईंनी अर्जाचा नंबर टाकला आणि कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हा तुमचा नकाशा. दाखवा पाट."

धाकटी पुढे झाली. "ते मोठं करून बघायला लागतं."

बाईंनी मोठं केलं. बांध जाड झाले, शिक्का फुटला, अक्षरांच्या चौकोनी विटा झाल्या. "आणखी मोठं करा," धाकटी म्हणाली. बाईंनी केलं. आता सगळा पडदा पांढरा होता आणि कोपऱ्यात एक काळी वीट होती.

"आणखी?" बाईंनी विचारलं.

धाकटीनं मान वळवून जावेकडे बघितलं. रागानं नाही. मोजमाप घेताना बघतात तसं, नीट. थोरलीला वाटलं, हिनं चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी सोसलं असतं.

बाईंनी धाकटीच्या हातातला मूळ नकाशा घेऊन उघडला. पेन्सिलची रेघ फिकी होती, पण होती. "हे इतकं स्पष्ट आहे की. काळं-पांढरं करून दाबलंय कोणीतरी. रंगीत ठेवून कडा जरा जास्त कापल्या असत्या तरी बसलं असतं दोनशे केबीत. कोणी पाठवलं?"

"मी," थोरली म्हणाली.

"पाठवण्याआधी, पाठवल्यावर, उघडून बघितलं नाही?"

बाक ऐकत होता. त्यात गावातला एकजण होता, ज्याच्या तीन फायली तिनं बारीक करून दिल्या होत्या. थोरलीनं त्याच्याकडे पाठ केली.

"लक्षात नाही आलं."

धाकटी शेजारीच उभी होती. एक शब्द बोलली असती तर पुरे होतं. ती नकाशाची घडी घालत राहिली. जुनी घडी होती तशीच पडावी म्हणून बोटानं दाबत राहिली.

"होतं असं," दीर बाईंना म्हणाला. "वहिनींनी सगळ्या गावाचं केलंय हो. एखादं चुकतं माणसाचं."

बाईंचा आवाज जरा उतरला. दुरुस्तीला दोन वाटा आहेत, त्या म्हणाल्या. पाट ज्याच्या रानातून जातो त्याची संमतीची सही आणायची. नाहीतर पाटकऱ्यानं जागेवर पाट वाहताना बघून तसं लिहून द्यायचं. कोरड्या चरीला पाट म्हणता येत नाही. आणि काहीही झालं तरी दुरुस्ती पुढच्या पाळीला धरली जाईल. "या पाळीला आता काही होत नाही."

"तोवर कांदा राहील का?" धाकटीनं विचारलं. ते बाईंना विचारलं होतं, पण बाई पुढच्या माणसाचा नंबर टाकत होत्या.

परत येताना धाकटी पुढे चालली. दीर मधे, थोरली मागे. रोज उलटं असायचं.

अंगणात थोरला दोरी वळत बसला होता. धाकट्यानं सहीचं सांगितलं. थोरल्यानं दोरीवरून नजर उचलली नाही.

"विचार करू."

"यात विचार काय, दादा? पाट आहे म्हणून सही करायची."

"ऑफिसला जो दिसत नाही तो मी कशाला दाखवू? मी काही मिटवला नाही तो."

"वहिनी," धाकटा वळला, "तुम्ही सांगा दादाला. तुमचं ऐकेल. चुकून झालं ते, दादा. मशीननं खाल्ली रेघ, त्यात वहिनी काय करणार?"

थोरली ओट्याच्या कडेला धरून उभी होती. हा माणूस अजून तिचीच बाजू घेत होता. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?

"चुकून नाही झालं," ती म्हणाली. "म्हणजे रेघ चुकून गेली. पण मला दिसलं होतं, त्याच वेळी. पुन्हा भरायचा कंटाळा केला, माणसं हसतील म्हणून. धाकटीनं विचारलंसुद्धा मला, पाट कुठे आहे म्हणून. मी तिला खोटं सांगितलं, की ऑफिसात दिसतो."

बोलून झाल्यावर तिला क्षणभर हलकं वाटलं. हे हलकं वाटणं किती महागाचं होतं, ते पुढच्या क्षणी कळलं. दीर तिच्यावर चिडलाच नाही. तो बायकोकडे वळला.

"तुला माहीत होतं? पाट दिसत नाही हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"त्या म्हणाल्या, मोठं केलं की..."

"आणि मला बोलली नाहीस! आज ऑफिसात पण नाही! मी वेड्यासारखा त्या बाईपुढे यांची वकिली करतोय आणि तू घडी घालत बसलीस!"

"भाऊजी, तिची काही चूक..." थोरली पुढे झाली.

"तुम्ही राहू द्या वहिनी. हे माझ्या घरातलं आहे."

धाकटी मान खाली घालून ऐकत होती. तिनं जावेची लाज झाकली होती आणि त्याबद्दल तिला भर अंगणात ऐकून घ्यावं लागत होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "चारचौघांत त्यांना खोटं पाडायचं नव्हतं," आणि आपल्या दारात शिरली. थोरल्याची दोरी वळायची थांबली नव्हती. थोरली तिथेच उभी राहिली. खरं बोलून तिनं स्वतःचं ओझं उतरवलं होतं आणि ते नेमकं धाकटीच्या डोक्यावर ठेवलं होतं. लाजेनं तिचे डोळे भरून आले, आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं हेही तिला बरंच वाटलं. त्याचीही तिला लाज वाटली.

त्यानंतर धाकटी तिच्याशी बोलली नाही. भांडली असती तर सोपं होतं. नळावर ती आपली घागर बाजूला घ्यायची, थोरलीला जागा द्यायची, आणि निघून जायची.

सोमवारी सूर्य उगवताना पाटकऱ्यानं चावी फिरवली. पाणी फेस घेत थोरल्याच्या रानातल्या दांडात, सऱ्यांना पाणी देणाऱ्या चरीत, आलं. थोरल्यानं पहिल्या सऱ्या लावून घेतल्या आणि बी आणायला तो बाजारच्या गावाला गेला. "सरी भरली की वळव," बायकोला सांगून गेला.

थोरलीनं त्याची पाठ दिसेनाशी व्हायची वाटही बघितली नाही. ती पाटाच्या तोंडाशी गेली आणि फावडं घातलं. माती नुसती ओतलेली नव्हती, नवऱ्यानं दाबून बसवली होती. पहिले घाव वरच्यावर गेले. तिनं पाय रुंद टाकले, अंगाचा सगळा भार दांड्यावर दिला. तिच्या भरभक्कम अंगावर गाव इतकी वर्षं हसलं होतं. ते अंग आज कामाला आलं. तळहाताची कातडी सोलली. मातीचा एक मोठा तुकडा सुटला, त्यामागून पाणी आलं, आणि मग तिला काही करावंच लागलं नाही. पाणी जुन्या वाटेनं निघालं. वाळलेला पालापाचोळा पुढे ढकलत, भेगांत घुटमळत, बांधाकडेनं ते धाकट्याच्या रानाकडे गेलं.

थोरली पाण्याबरोबर चालत गेली. धाकटी वाफ्यात बसून तण काढत होती. पाणी पायाशी आलं तेव्हा तिनं आधी पाण्याकडे बघितलं, मग फावड्याकडे, मग जावेच्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे. ती उठली आणि पहिल्या वाफ्याचं तोंड हातानं मोडलं. कोरडी जमीन पाणी पिताना आवाज करते, तसा आवाज झाला. एक वाफा भरला, तिनं माती लावली, दुसरा मोडला. थोरली पलीकडून दांडात माती टाकून पाणी वळवत होती. दोघी तोंडानं मुक्या आणि हातांनी एकमेकींच्या पुढेमागे, असं बरंच काम झालं.

दार बंद करायच्या वेळेला पाटकरी पाण्यामागे आला, आणि त्याच्या मागोमाग थोरला. त्याच्या अर्ध्या सऱ्या कोरड्या होत्या. त्याचा चेहरा बघून थोरलीनं फावडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"कोणी फोडला?" तो ओरडला. मग पाटकऱ्याकडे लक्ष जाऊन त्याचा आवाज खाली आला. यादीत नसलेल्या रानाला पाणी देणं म्हणजे पाणीचोरी, आणि पाणीचोरी झाली की देणाऱ्याची पुढची पाळी बंद.

पाटकरीही अवघडला होता. या घरचा चहा त्यानं पुष्कळदा घेतला होता. "घुशी फार झाल्यात यंदा," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "बांध पोखरतात. तसं असेल तर मला काही लिहावं लागत नाही. पाणी वाया गेलं, संपलं."

"घूसच असणार," थोरला चटकन म्हणाला. "मी बघितली होती बिळं."

"आणि घूस नसेल तर?" थोरलीनं विचारलं.

"मग पंचनामा. कुणी फोडलं, पाणी कुठून निघालं, कुठल्या वाटेनं गेलं, कुठे पोचलं. फोटोसकट."

"म्हणजे वाहता पाट तुमच्या कागदावर येईल."

पाटकऱ्यानं तिच्याकडे बघितलं. "येईल. तुमची पाळी जाईल आणि यांचा पाट येईल."

"अगं, घूस म्हण!" थोरला दबक्या आवाजात म्हणाला. "दोन अक्षरं आहेत. आपण कोरडे मरू पुढच्या पाळीला."

ती दोन अक्षरं खरंच सोपी होती. 'लक्षात नाही आलं' यापेक्षाही सोपी.

"घूस नव्हती," थोरली म्हणाली. "मी फोडला. मला कळत होतं, आणि मी फोडला. लिहा."

थोरला बांधावर मटकन बसला. पाटकऱ्यानं तिला पाटात उभं केलं, फावड्यासकट, आणि फोटो काढला. चिखलात बरबटलेली, केस सुटलेले, चोर म्हणून. मग तो फोनवर बोट आपटत राहिला.

"जाईना. मोठा आहे म्हणतंय." त्यानं संकोचून फोन पुढे केला. "वहिनी, तेवढा बारीक करून देता का?"

थोरलीनं हात धुतले, पाणी झटकलं आणि फोन घेतला. एकदा दाबून पुरेना. रंग काढला असता तर लगेच बसलं असतं; तिनं रंग ठेवला.

"तुम्ही उभ्या आहात तो भाग कापा हवं तर," पाटकरी हळूच म्हणाला. "नाव लिहिलंच आहे. फोटोत पाट आला म्हणजे मला पुरे."

तिनं वरचं आभाळ कापलं, कडेचं झुडूप कापलं. स्वतःला कापलं नाही. आकडा दोनशेच्या खाली आला. पाठवायच्या खुणेवर बोट नेलं आणि तिनं ते मागे घेतलं. ती वाफ्याच्या कडेनं धाकटीकडे गेली.

"बघ. दिसतो का?"

धाकटीनं हात अंगाला पुसले. जावेच्या हातात बघितलं नाही. फोन स्वतःच्या हातात घेतला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, कालव्यापासून आपल्या वाफ्यापर्यंत बोटानं पाण्याच्या मागे मागे गेली. बराच वेळ गेला. थोरली शिक्षा ऐकायला उभी असल्यासारखी उभी होती.

"दिसतोय," धाकटी म्हणाली. मग फोन परत देत म्हणाली, "तुम्हीपण दिसताय."

"असू दे," थोरली म्हणाली, आणि पाठवलं.